सूत्र तोंडपाठ, पण ऊर्जा दिसते का? स्थितिज आणि गतिज ऊर्जा मुलांना नेमकी कशी शिकवावी?

नववीतल्या विद्यार्थ्याला झोपेतून उठवून विचारले तरी ‘एमजीएच’ आणि ‘अर्धा एम व्ही स्क्वेअर’ ही उत्तरे येतात. पण स्कूटरचा वेग ३० वरून ६० झाला तर धोका किती पटीने वाढतो, असे विचारले तर बहुतेकांचे उत्तर ‘दुप्पट’ असते. हे उत्तर चूक आहे. परीक्षेत अशा चुकीने दोन गुण जातात, रस्त्यावर जीव जाऊ शकतो. म्हणूनच हा धडा शिकवण्याची पद्धत बदलायला हवी.

धडा सोपा, मग अडते कुठे?

राज्य मंडळाच्या नववीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान पुस्तकात ‘कार्य आणि ऊर्जा’ हे प्रकरण आहे. व्याख्या थोडक्यात अशा : वस्तूच्या गतीमुळे तिच्यात असणारी ऊर्जा म्हणजे गतिज ऊर्जा आणि वस्तूच्या स्थानामुळे किंवा बदललेल्या आकारामुळे साठलेली ऊर्जा म्हणजे स्थितिज ऊर्जा. यापुढे दोन सूत्रे, ऊर्जा अक्षय्यतेचा नियम आणि काही उदाहरणे. गणित म्हणून पाहिले तर हे बीजगणितापेक्षा सोपे आहे.

अडचण आकडेमोडीत नाही. ऊर्जा डोळ्यांना दिसत नाही, ही खरी अडचण आहे. लांबी पट्टीने मोजता येते, वजन हाताला जाणवते, तापमान अंगाला कळते. ऊर्जा मात्र नेहमी कशाच्या तरी बदलातूनच ओळखावी लागते. हा बदल मुलांनी स्वतः पाहिलेला नसेल तर सूत्र म्हणजे केवळ अक्षरांची रांग उरते. वर्गात अनेकदा नेमके हेच होते. फळ्यावर धरणाचे चित्र, एक बाण, खाली सूत्र, मग तीन उदाहरणे आणि गृहपाठ. मूल आकडे बरोबर भरते, एककही लिहिते आणि २,००० ज्यूल म्हणजे पुष्कळ की थोडे, हे त्याला शेवटपर्यंत कळत नाही.

मराठी शब्द इथे इंग्रजीपेक्षा सरस का?

‘पोटेन्शियल एनर्जी’ हा शब्दप्रयोग स्कॉटिश अभियंता विल्यम रँकिन याने १८५३ मध्ये रूढ केला. शब्द प्रभावी असला तरी मुलांच्या दृष्टीने फसवा आहे. ‘पोटेन्शियल’ म्हटले की ‘भविष्यात येऊ शकेल अशी’, म्हणजे आत्ता नसलेली ऊर्जा, असा समज होतो. प्रत्यक्षात ताणलेल्या गलोलीतली ऊर्जा आत्ता, या क्षणी तिथे असते.

मराठी शब्द हा गोंधळ होऊ देत नाहीत. स्थितीतून जन्मलेली ती स्थितिज, गतीतून जन्मलेली ती गतिज. ‘ज’ म्हणजे जन्मलेले, हे जलज, अनुज या शब्दांवरून सातवीतल्या मुलालाही सांगता येते. व्याख्या नावातच आहे, पाठ करायला काही उरत नाही.

सेमी-इंग्रजीच्या वर्गात मात्र ही सोय वाया जाते. तिथे मुले ‘पोटेन्शियल’ आणि ‘कायनेटिक’ हे दोन्ही शब्द अर्थ न लागता पाठ करतात आणि परीक्षेत त्यांची अदलाबदलही करतात. इंग्रजी संज्ञा पुढच्या शिक्षणासाठी लागणारच आहेत, त्यांना विरोध करण्याचे कारण नाही. पण पहिल्या तासाला आधी मराठी शब्द, त्याची फोड आणि नंतर इंग्रजी शब्द, असा क्रम ठेवायला पाच मिनिटेही लागत नाहीत.

एक ज्यूल म्हणजे नेमके किती?

सुरुवात इथून व्हायला हवी. साधारण १०० ग्रॅमचा एक चिकू जमिनीवरून उचलून एक मीटर उंचीवर, म्हणजे टेबलापेक्षा थोडे वर ठेवला की त्याची स्थितिज ऊर्जा जवळपास एक ज्यूलने वाढते. हा झाला ज्यूल. प्रत्येक मुलाने तो एकदा हाताने उचलावा.

मग मोठे आकडे आपोआप अर्थ घेऊ लागतात. पाच किलोचे दप्तर तिसऱ्या मजल्यावर, म्हणजे साधारण नऊ मीटर वर नेले तर सुमारे ४४० ज्यूल. ४० किलोचे मूल ते दप्तर घेऊन चढले तर दोघांचे मिळून सुमारे ४,००० ज्यूल. बिस्किटाच्या पुड्यावर ज्या किलोकॅलरी छापलेल्या असतात, त्यातली एक किलोकॅलरी म्हणजे सुमारे ४,२०० ज्यूल. म्हणजे तीन मजले चढून दप्तरासकट जी स्थितिज ऊर्जा कमावली, ती एका किलोकॅलरीपेक्षाही कमी! शरीराला प्रत्यक्षात याच्या चार-पाचपट ऊर्जा खर्चावी लागते, कारण स्नायू बरीचशी ऊर्जा उष्णता म्हणून बाहेर टाकतात. जिना चढल्यावर घाम का येतो, याचे उत्तर याच हिशेबात आहे.

इथेच आणखी एक प्रश्न विचारता येतो, जो पुस्तकात सहसा मागे पडतो : उंची मोजायची कुठून? तिसऱ्या मजल्यावरच्या घरात टेबलावर ठेवलेला मोबाइल टेबलाच्या दृष्टीने शून्य उंचीवर आहे, फरशीच्या दृष्टीने पाऊण मीटरवर आणि इमारतीखालच्या रस्त्याच्या दृष्टीने जवळपास दहा मीटरवर. मग त्याची ‘खरी’ स्थितिज ऊर्जा कोणती? उत्तर असे की, महत्त्व नेहमी फरकाला असते. मोबाइल टेबलावरून फरशीवर पडला तर पाऊण मीटरचा हिशेब, खिडकीतून पडला तर दहा मीटरचा. ऊर्जा एकट्या मोबाइलमध्ये भरून ठेवलेली नसते. ती मोबाइल आणि पृथ्वी यांच्या परस्पर स्थितीत असते. हे एकदा पटले की अकरावीतली ऋण स्थितिज ऊर्जा मुलांना घाबरवत नाही. विहिरीतली बादली काठापेक्षा खाली आहे, एवढाच तिचा अर्थ.

झोका आणि दारात टांगलेली बाटली

ऊर्जेचे रूपांतर शिकवण्यासाठी झोक्याइतके चांगले साधन नाही. झोका दोन्ही टोकांना क्षणभर थांबतो. तिथे उंची सर्वाधिक, वेग शून्य, म्हणजे सगळी ऊर्जा स्थितिज. मधोमध उंची सर्वांत कमी आणि वेग सर्वाधिक, म्हणजे गतिज ऊर्जा सर्वाधिक. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक रूप घटते, तेवढेच दुसरे वाढते.

वर्गात झोका नसेल तर दाराच्या चौकटीला दोरीने अर्धी भरलेली प्लास्टिकची बाटली टांगावी. एका विद्यार्थ्याने भिंतीला डोके टेकवून उभे राहावे, बाटली नाकाच्या टोकापर्यंत आणावी आणि अलगद सोडावी. ढकलायची नाही आणि जागेवरून हलायचे नाही. बाटली दूर जाते, परत येते आणि सगळा वर्ग श्वास रोखून पाहतो. ती नाकापर्यंत येते, नाकाला लागत नाही. सोडली त्यापेक्षा जास्त उंचीवर ती जाऊच शकत नाही, कारण तेवढी ऊर्जा तिला कोणी दिलेलीच नाही. ऊर्जा अक्षय्यतेच्या नियमावर विश्वास ठेवून डोळे उघडे ठेवणारे मूल तो नियम सहसा विसरत नाही.

काही वेळाने बाटली थांबते. लगेच कोणीतरी म्हणते, ‘ऊर्जा संपली.’ हा या धड्यातला सर्वांत चिवट गैरसमज आहे. ऊर्जा संपलेली नसते. हवेला आणि दोरीच्या गाठीला थोडी थोडी देऊन ती उष्णतेच्या रूपात पसरलेली असते. तळहात एकमेकांवर जोरात घासून गालाला लावले की ही गोष्ट पटते. हाताच्या गतीचे काय झाले, ते गालाला कळते.

दुसरा गैरसमज, स्थितिज ऊर्जा फक्त उंचीवरच्या वस्तूत असते, हा. तो घालवायला गलोल, धनुष्य, चावीची मोटार किंवा केसांना लावायचे रबर पुरेसे आहे. इथे उंची बदलत नाही, आकार बदलतो. रबर जितके ताणावे तितका खडा लांब जातो. खडा हातातून सुटताना रबराची स्थितिज ऊर्जा खड्याची गतिज ऊर्जा झालेली असते.

वेग दुप्पट, ऊर्जा चौपट : हे कसे दाखवायचे?

या धड्याचे खरे सार सूत्रातल्या ‘वर्गा’त आहे. वस्तुमान दुप्पट झाले तर गतिज ऊर्जा दुप्पट होते. वेग दुप्पट झाला तर मात्र चौपट, तिप्पट झाला तर नऊपट.

हे उघड नाही आणि ते मोठमोठ्या विद्वानांनाही सहज पटलेले नव्हते. गतीचे खरे माप वेगाच्या प्रमाणात वाढते की वेगाच्या वर्गाच्या, यावर युरोपात अनेक दशके वाद चालला. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात नेदरलँड्समधील विलेम स-ग्रावेसांडे यांनी पितळी गोळे वेगवेगळ्या उंचीवरून मऊ मातीत टाकले आणि पडलेले खळगे तपासले. खळगा वेगाच्या वर्गाशी जुळत होता. फ्रान्सच्या एमिली द्यु शातले यांनी १७४० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात वर्गाची बाजू उचलून धरली. न्यूटनच्या ‘प्रिन्सिपिया’चा फ्रेंच अनुवाद करणाऱ्याही त्याच. सूत्रातला ‘अर्धा’ तर त्यानंतर कित्येक वर्षांनी, १८२९ मध्ये कोरिओलिस यांच्या लेखनातून पक्का झाला. जी गोष्ट कळायला इतका काळ लागला, ती पंधरा वर्षांच्या मुलांना एका ओळीत सांगून पटावी, ही अपेक्षाच अवाजवी आहे.

त्यामुळे मुलांना प्रयोग करू द्यावा. साहित्य : एक गोटी, वहीच्या पुठ्ठ्याची दुमडून केलेली पन्हळ, चार पुस्तके आणि एक कागदी कप. पन्हळीचे एक टोक पुस्तकांवर टेकवावे, दुसरे जमिनीवर. खालच्या टोकापाशी कप आडवा ठेवावा, तोंड पन्हळीकडे. गोटी आधी पाच सेंटिमीटर उंचीवरून सोडावी. ती कपात शिरते आणि कप थोडा सरकतो. तिथे खडूने खूण करावी. आता गोटी २० सेंटिमीटर उंचीवरून सोडावी. उंची चौपट केली की खाली येतानाचा वेग दुप्पट होतो. कप मात्र साधारण चौपट अंतर सरकतो.

नेमके चौपट येणार नाही. कधी साडेतीनपट येईल, कधी त्याहून थोडे जास्त. हे अपयश नाही. फरशी सगळीकडे सारखी गुळगुळीत होती का, गोटी पन्हळीच्या कडेला घासली का, हा शोध म्हणजेच विज्ञान. पुस्तकातले उत्तर जुळवण्यासाठी वहीत आकडे बदलण्याची सवय प्रयोगशाळेत लागते. ती लागू न देणे हे शिक्षकाचे मोठे काम आहे.

हा वर्ग रस्त्यावर काय करतो?

आता हाच कप स्कूटर मानावा. ब्रेक लावल्यावर गाडी थांबेपर्यंत तिची सगळी गतिज ऊर्जा घर्षणाने काढून घ्यावी लागते. ऊर्जा चौपट, तर अंतरही चौपट.

कोरड्या डांबरी रस्त्यावर चांगले ब्रेक असलेली गाडी ताशी ३० किलोमीटर वेगावरून साधारण पाच मीटरमध्ये थांबते. ताशी ६० वरून थांबायला तिला २० मीटर लागतात. म्हणजे दोन स्कूटर शेजारी शेजारी चालल्या आहेत, एकीचा वेग ३०, दुसरीचा ६०, आणि दोघींनी एकाच ठिकाणी ब्रेक दाबला, तर पहिली जिथे थांबेल तिथे दुसरीची ऊर्जा फक्त एक चतुर्थांश कमी झालेली असेल. तिचा वेग तेव्हाही ताशी ५२ किलोमीटर असेल.

यात समोरचे मूल दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंतचा वेळ धरलेला नाही. तो एक सेकंद धरला, तर चित्र आणखी भयंकर होते. ३० च्या वेगाची स्कूटर सव्वातेरा मीटरवर थांबलेली असेल. ६० च्या वेगाची स्कूटर एका सेकंदात साडेसोळा मीटरहून अधिक पुढे जाते. म्हणजे पहिली थांबली त्या जागेवरून जाताना दुसऱ्या चालकाने ब्रेकला हातही लावलेला नसेल.

वेगाची उंचीशी तुलना केली की मुलांना तो अधिक पटकन कळतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने भिंतीवर आदळणे म्हणजे सुमारे १४ मीटर उंचीवरून, साधारण चौथ्या-पाचव्या मजल्यावरून पडणे. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे पाच मीटर. ताशी ७२ म्हणजे २० मीटर. गच्चीच्या कठड्यावर बसायला घाबरणारा मुलगा तोच धोका हेल्मेटशिवाय रोज पत्करतो, कारण उंची डोळ्यांना दिसते आणि वेग दिसत नाही.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालानुसार त्या वर्षी देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यातील ७० टक्क्यांहून अधिक मृत्यूंच्या नोंदीत कारण म्हणून अतिवेग आहे. महाराष्ट्रात १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यातील कल्याणीनगरमध्ये भरधाव मोटारीच्या धडकेत दोन तरुण संगणक अभियंत्यांचा जीव गेला. मोटार अल्पवयीन मुलगा चालवत होता, असा पोलिसांचा आरोप आहे. त्यानंतर राज्यभर चर्चा झाली ती कायद्याची. ती आवश्यकच होती. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात अल्पवयीन मुलाने गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि २५ हजार रुपये दंडाची तरतूद आहे. पण कायदा भीती घालतो, समज देत नाही. समज देण्याची जागा शाळेत आहे आणि ती या धड्यात आधीपासूनच तयार आहे.

दहीहंडीचे गणित वर्गात का नको?

या धड्याला मराठी मुलांच्या जगातले आणखी एक उदाहरण अगदी जवळचे आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दहीहंडीच्या थरांना २० फुटांची मर्यादा घातली होती. २०१७ मध्ये न्यायालयाने उंचीवर निर्बंध घालण्यास नकार दिला आणि १४ वर्षांखालील मुलांना सहभागी करणार नाही, ही राज्य सरकारची भूमिका मान्य केली. या वादात संस्कृती, राजकारण, बक्षिसे सगळे आले, आले नाही ते भौतिकशास्त्र.

२० फूट म्हणजे सुमारे सहा मीटर. तिथून ४० किलोचा गोविंदा थेट खाली पडला तर जमिनीवर येताना त्याची गतिज ऊर्जा सुमारे २,३५० ज्यूल आणि वेग ताशी ३९ किलोमीटर असतो. उंची दुप्पट, म्हणजे ४० फूट केली तर ऊर्जा दुप्पट होते, वेग मात्र दुप्पट होत नाही. तो ताशी ५५ किलोमीटर होतो. इथे मुलांना दोन्ही सूत्रांतला फरक एकाच उदाहरणात दिसतो : उंची वाढली की ऊर्जा त्याच प्रमाणात वाढते, वेग वाढला की वर्गाच्या प्रमाणात.

मग खाली गादी का घालायची? गादी ऊर्जा कमी करत नाही. पडणाऱ्याची २,३५० ज्यूल ऊर्जा गादीवरही काढून घ्यावीच लागते. फरक अंतराचा आहे. काँक्रीटवर शरीर दोन-तीन सेंटिमीटरमध्ये थांबते, जाड गादीवर २०-३० सेंटिमीटरमध्ये. अंतर दहापट झाले की शरीरावरचे सरासरी बल दहावा हिस्सा होते. हेल्मेटच्या आतला थर्माकोलसारखा थर हेच काम करतो. तो चेपला जातो आणि डोक्याला थांबायला थोडे अधिक अंतर देतो. ‘हेल्मेट घाल’ हे शंभर वेळा सांगण्यापेक्षा हा हिशेब एकदा मांडणे अधिक परिणामकारक ठरू शकते. किशोरवयात हुकूम नकोसा वाटतो, कारण मात्र हवे असते.

सह्याद्री : महाराष्ट्राची सर्वांत मोठी प्रयोगशाळा

पुस्तकातले धरण बहुधा कुठल्याही गावाचे नसते. महाराष्ट्रातील मुलांना मात्र नावानिशी दाखवता येईल असा वीजनिर्मितीचा इतिहास आहे. मुंबईच्या गिरण्यांना वीज देण्यासाठी टाटांनी खोपोलीचा जलविद्युत प्रकल्प १९१५ मध्ये सुरू केला. लोणावळ्याच्या बाजूला घाटमाथ्यावर पावसाचे पाणी साठवायचे आणि साधारण ५०० मीटर खाली खोपोलीत सोडायचे, ही त्यामागची कल्पना. एक लिटर पाणी ५०० मीटर खाली आले की सुमारे ४,९०० ज्यूल ऊर्जा मोकळी होते. मार्गात काहीच वाया गेले नाही असे धरले तर नऊ वॉटचा एलईडी दिवा त्यावर नऊ मिनिटे चालेल. एका पाण्याच्या बाटलीत नऊ मिनिटांचा उजेड आहे, हे कळल्यावर मूल धरणाकडे वेगळ्या नजरेने पाहते.

कोयना प्रकल्पाची एकूण क्षमता १,९६० मेगावॉट आहे. शिवाजीसागर जलाशयाचे पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पश्चिमेला उतरवून वीज तयार केली जाते. अधिक पाणी घेण्यासाठी १९९९ आणि २०१२ मध्ये जलाशयाच्या तळाशी स्फोट करून ‘लेक टॅपिंग’ करण्यात आले. घाटघर येथील २५० मेगावॉटचा प्रकल्प तर या धड्याचे मूर्तिमंत उदाहरण आहे. तिथे वर एक आणि खाली एक असे दोन जलाशय आहेत. विजेची मागणी कमी असताना पाणी पंपाने वर चढवायचे, मागणी वाढली की खाली सोडायचे. चढवायला जेवढी वीज लागते तेवढी परत मिळत नाही, तरीही हा व्यवहार परवडतो, कारण वीज हवी तेव्हा मिळते. सौरऊर्जेच्या काळात, दिवसा जास्त आणि संध्याकाळी कमी वीज असताना, अशा ‘पाण्याच्या बॅटरी’ला महत्त्व वाढत आहे. आजच्या नववीतल्या मुलांपैकी काही जण उद्या याच क्षेत्रात नोकरी करतील.

आणि घाट उतरणारा ट्रक? दहा टनांचा ट्रक ५०० मीटर खाली उतरतो तेव्हा त्याला सुमारे ४.९ कोटी ज्यूल, म्हणजे साडेतेरा युनिट विजेइतकी ऊर्जा कुठेतरी घालवावी लागते. ती सगळी ब्रेकने शोषायची म्हटले तर ब्रेक तापून निकामी होतात. ‘घाटात गाडी कमी गिअरमध्ये उतरवा’ या सूचनेमागचे कारण हेच. बोरघाटात आणि थळ घाटात रेल्वेने नियंत्रण सुटलेल्या गाडीसाठी चढाच्या ‘कॅच सायडिंग’ बांधल्या. तिथे गाडीची गतिज ऊर्जा पुन्हा उंचीत बदलते. मुंबईची लोकल ब्रेक लावताना काही ऊर्जा वीज म्हणून परत तारेत पाठवते. सहलीची बस घाट उतरत असताना शिक्षकाने एवढे सांगितले तरी एक तास सार्थकी लागतो.

कोणत्या वयात किती?

सगळे सगळ्यांना एकदम शिकवण्याची गरज नाही. ढोबळ टप्पे असे करता येतील.

• पहिली ते पाचवी : सूत्र नाही, संज्ञाही नाही. घसरगुंडी, झोका, गलोल, चावीची खेळणी. प्रश्न एकच : ‘अधिक उंचीवरून सोडले तर काय होईल? आधी सांग, मग करून बघ.’

• सहावी ते आठवी : स्थितिज आणि गतिज हे शब्द, त्यांची फोड आणि रूपांतराच्या साखळ्या. भाकरीपासून सायकलपर्यंत आणि पावसापासून दिव्यापर्यंत ऊर्जा कशी जाते, याची चित्रे मुलांनी काढावीत.

• नववी-दहावी : सूत्रे, पण आधी गोटी-कपाचा प्रयोग, नंतर आलेख, शेवटी सूत्र. प्रत्येक उदाहरणाच्या उत्तराखाली एक ओळ सक्तीची : ‘हे पुष्कळ की थोडे, आणि कशाच्या तुलनेत?’

• अकरावी-बारावी : संदर्भपातळी, ऋण स्थितिज ऊर्जा, स्प्रिंग. याच वयात बहुतेक मुले वाहन परवान्याच्या उंबरठ्यावर असतात. थांबण्याच्या अंतराचा हिशेब त्यांनी स्वतः केलाच पाहिजे.

वेळ आणि पैसा कुठून आणायचा?

यावर शिक्षकांचा आक्षेप ठरलेला असतो आणि तो खोटा नाही. वर्गात साठ मुले, अभ्यासक्रम संपवण्याची घाई, निवडणुकीपासून जनगणनेपर्यंतची अशैक्षणिक कामे आणि शेवटी परीक्षेत विचारणार सूत्रच. अशा वेळी शिक्षकालाच दोष देऊन हात झटकणे अन्यायाचे आहे.

पैशाचा प्रश्न मात्र तितका मोठा नाही. १९७२ मध्ये मध्य प्रदेशात सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमाने गावातल्या शाळांत साध्या वस्तूंतून विज्ञान शिकवता येते, हे दाखवून दिले. त्या कार्यक्रमातून प्रेरणा घेतलेले, आयआयटी कानपूरचे अभियंते अरविंद गुप्ता यांनी पुढे पुण्याच्या ‘आयुका’तील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत काडेपेटी, सायकलची ट्यूब, जुनी बाटली यांतून शेकडो वैज्ञानिक खेळणी घडवली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ही खेळणी कशी करायची, हे सांगणारे साहित्य मराठीतही मोफत उपलब्ध आहे. गोटी आणि कागदी कपाच्या प्रयोगाला दहा रुपयेही लागत नाहीत.

वेळेचे उत्तर परीक्षेच्या स्वरूपात आहे. ‘गतिज ऊर्जेचे सूत्र सिद्ध करा’ हा प्रश्न ज्या दिवशी ‘शाळेसमोरच्या रस्त्यावर वेगमर्यादा ३० का असावी, ऊर्जेच्या आधारे सांगा’ असा विचारला जाईल, त्या दिवशी वर्गातले शिकवणेही बदलेल. कारण शाळा परीक्षेच्या मागे चालते, हे वास्तव आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये घोकंपट्टीऐवजी अनुभवातून शिकण्यावर भर आहे. धोरणातला हा भर प्रश्नपत्रिकेत उतरेल का, हे ठरवणे शिक्षण मंडळाच्या हातात आहे.

पालकांचेही एक काम आहे आणि ते फार अवघड नाही. गाडीवर मागे बसलेल्या मुलाला सिग्नलवर विचारावे, ‘आत्ता वेग ४० होता. ८० असता तर थांबायला किती अंतर लागले असते?’ मूल ‘दुप्पट’ म्हणाले तर धडा अजून शिकवायचा राहिला आहे. ते ‘चौपट’ म्हणाले आणि त्याच दमात ‘बाबा, मग तुम्ही हळू चालवा’ असेही म्हणाले, तर धडा नीट शिकवला गेला आहे. मग चालवणाऱ्याने वेग कमी करावा, एवढेच उरते.